रोज चार मिनिटं लवकर

“आमच्या वऱ्हाडात काहीच नाही हो मॅडम,” असं मी भर बैठकीत म्हणालो, आणि तेही छाती काढून. जन्मभूमीची एवढी बदनामी करून शाबासकी मिळवणारा मी बहुधा पहिलाच अमरावतीकर असेन.

मी ज्या राष्ट्रीय खगोल संशोधन संस्थेत नोकरीला आहे तिथं आकाश डोळ्यांनी बघत नाहीत, अँटेनांनी ऐकतात. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की त्यांच्यापुढे साधा मोबाइलचा मनोरा म्हणजे लग्नातला डीजे. संस्थेला अँटेनांचा एक छोटा समूह उभारायचा होता. त्यासाठी अशी जागा हवी होती जिथं मनोरा नाही, कारखाना नाही आणि फोनला रेंज नाही. मी शास्त्रज्ञ नाही, तांत्रिक अधिकारी आहे. म्हणजे आकाश शास्त्रज्ञांशी बोलत असताना मध्येच केबल सुटू नये, हे बघणारा माणूस. पण त्या दिवशी तोंड उघडलं आणि मॅडम म्हणाल्या, “मग तुम्हीच जा आणि मोजून या.” मॅडम म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. त्या मोठ्यानं कधीच बोलत नाहीत, आणि त्याचीच भीती वाटते.

पहिल्यांदा घराजवळ, नांदगाव पेठेच्या बाजूला मोजून पाहिलं. हेतू असा की काम संस्थेचं आणि जेवण आईच्या हातचं. पण तिथल्या गिरण्यांच्या मोटारी आकाशापेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. मग सरकत सरकत अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीच्या पुढं एका वावरात पोचलो. काळी जमीन, भोवती टेकड्या, आणि फोनमध्ये रेंजची एक काडी नाही. मला गहिवरून आलं.

वावर ज्यांचं होतं त्यांना मी काका म्हणायचो आणि ते मला साहेब. साठीचे, हडकुळे, बोलायला तिखट. संस्थेच्या फॉर्मवर आवाज करणाऱ्या गोष्टींची यादी होती: मोटारपंप, वेल्डिंग, मनोरा, विजेची लाइन. मी फॉर्म पुढं धरून विचारलं, “काका, इथं विजेवर चालणारं काही आहे का?”

“वीज कुठी येते जी इथं?” काका म्हणाले.

मी सगळ्या चौकटींत ‘नाही’ लिहिलं. वावराभोवती पिवळे खुंट आणि त्यांवरून बारीक तार गेली होती. ती मला दिसली नाही असं नाही. पण आमच्या घरात तीन पिढ्या वकिली. वावर म्हटलं की आम्हाला आधी हद्दीचा वाद दिसतो. मी मनाशी म्हटलं, हद्दीची खूण असेल, आपण कशाला विचारा.

वावरात हरभरा होता. खाण्याचा नव्हे, बियाण्याचा. असं पीक घेतलं की तपासणीला अधिकारी येतो, ओळीओळीतून फिरतो, आणि पसंत पडलं तरच ते बियाणं म्हणून जातं. काका दोनदा नापास झाले होते. एकदा अवकाळी पाऊस, एकदा रोही, म्हणजे नीलगाईंचा कळप. ही तिसरी खेप होती आणि काकूंनी सांगून टाकलं होतं, “यंदा नाई झालं तं बियाण्याचं नाव घरात काढू नका.” आता घाटे दाण्यांनी टच्च भरले होते आणि तपासणी आठवड्यावर आली होती.

मी पडीक कोपऱ्यात अँटेना उभी केली, शेजारी तंबू ठोकला, तंबूत बॅटरीवरचा संगणक. पहिल्या दिवशी दुपारी तासभर ऐकून गुंडाळलं, सगळं शांत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच अठ्ठावन्नला पडद्यावर एक ठोका उमटला. मग दुसरा. मग तिसरा. घड्याळ लावून बघितलं: दोन ठोक्यांमध्ये सेकंदाहून थोडा जास्त वेळ, आणि दर वेळी अंतर तेवढंच.

ज्यांना आकाशाचा नाद आहे त्यांना कळेल माझं काय झालं असेल. मोठा तारा विझला की कधी कधी त्याचा गाभा उरतो. तो गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीला आपल्याकडे एक रेडिओ ठोका फेकतो. अगदी असाच. संस्थेत अशा ताऱ्यांची यादी आहे. मी यादी पाहिली. माझा त्यात नव्हता.

तरी मी सावध राहिलो. शास्त्रज्ञ नसलो तरी वीस वर्षं त्यांच्या मागं केबल ओढतोय. माणसाची यंत्रं घड्याळावर चालतात. तारा मात्र काल ज्या वेळी उगवला त्याच्यापेक्षा आज चार मिनिटं लवकर उगवतो. तिसऱ्या दिवशी मी श्वास रोखून बसलो. ठोके आले, पाच चोपन्नला. चौथ्या दिवशी, पाच पन्नासला. संक्रांत जवळ आलेली, दिवस मोठा होत होता, सूर्य रोज उशिरा मावळत होता, आणि ठोका रोज चार मिनिटं लवकर! पृथ्वीवर असं कोण वागेल?

मी फटफटी काढली. ती बार्शीटाकळीत ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्यांची. फोनला रेंज मिळायची ती आठ किलोमीटरवरच्या चढावर. तिथून मॅडमना फोन लावला.

“इतका ठळक ठोका आजवर कुणालाच कसा ऐकू आला नाही?” त्या म्हणाल्या.

“मॅडम, बार्शीटाकळीत आजवर कुणी ऐकायला बसलंच नव्हतं.”

“हं. पसरण तपासलीत?”

हा खरा प्रश्न होता. ताऱ्याचा ठोका दुरून येताना वाटेत पसरतो. वरच्या पट्टीतला भाग आधी पोचतो, खालच्या पट्टीतला मागून. सगळ्या पट्ट्यांत एकदम आला तर तो आकाशातला नाही, शेजारचाच.

“तपासली,” मी म्हणालो.

मॅडमनी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी सातचा, मोठ्या दुर्बिणीचा अर्धा तास काढला. पीएचडी करणाऱ्या एका मुलीच्या वेळेतून. त्यानंतर मी फोन ठेवायला हवा होता. मी तो अमरावतीला लावला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पुरावा आहे ना?” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत पेढे वाटून झाले होते.

पाचवा दिवस उजाडला. तपासणी दुसऱ्या सकाळी दहाला होती. संध्याकाळी काका-काकू कागदपत्रं नीट लावायला गावात निघाले. जाताना काका तंबूपाशी थांबले. “रोज येतो मी मुक्कामाले, आज जराक उशीर होईन. मशीन चालू करून चाल्लो. लक्ष असू द्या, साहेब.”

“हो हो,” मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो. कुठली मशीन, हे विचारलंसुद्धा नाही. कारण तेवढ्यात ठोके सुरू झाले होते. पाच सेहेचाळीसला.

दहा मिनिटांनी तहान लागली म्हणून काकांच्या खोपटीत पाणी प्यायला गेलो. माठातून पेला भरला, तोंडाला लावला, आणि कानावर आलं: टक्. मग पुन्हा, टक्. ज्या तालावर माझं बोट चार दिवस मांडीवर वाजत होतं, त्याच तालावर. खुंटीला एक पिवळा डबा टांगलेला होता. त्यावर लाल दिवा, एक खटका, आणि त्यातून निघालेली तार सरळ त्या पिवळ्या खुंटांकडे गेलेली. छपरावर सौर पाटी. झटका मशीन. रोही आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून तारेत सेकंदा-सेकंदाला झटका सोडणारी. वऱ्हाडात आता वावरावावरात असते. शहरात वाढलेल्या वकिलाच्या पोराला तेवढी माहीत नसते.

मी खटका बंद केला आणि तंबूकडे पळालो. पडदा कोरा. परत आलो, चालू केला, पळालो. ठोके हजर. परत आलो, बंद केला, पळालो. कोरा.

मी खाली बसलो. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सातला दुर्बीण वळणार होती, एका मुलीचा वेळ खाऊन, काकांच्या हरभऱ्याकडे. फटफटी काढली आणि चढावर गेलो.

“मॅडम, तो तारा नाही.”

“मग काय आहे?”

“कुंपण.”

“कशाचं?”

“हरभऱ्याचं.”

  “मी दुर्बिणीला निरोप देते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पसरण तपासली होती म्हणालात.”

“पाहिली होती.”

“काय दिसलं होतं?”

“सगळे ठोके एकदमच येत होते. पण मान जरा वाकडी करून बघितलं की... तिरपे वाटत होते.”

“हं. आता ते कुंपणच, याची खात्री कशी केलीत?”

इथं मला जरा धीर आला. “बंद केलं, ठोके गेले. चालू केलं, आले. परत बंद केलं, परत गेले.”

“ही पद्धत बरोबर आहे. आणि आत्ता?”

“आत्ता काय सांगू मॅडम, आत्ता तर शरमेनं...”

“तुमचं नाही विचारत. यंत्र आत्ता कुठल्या अवस्थेत आहे?”

 शेवटचं काय केलं होतं? बंद. ते कुंपण कशासाठी असतं? सूर्य मावळून गेला होता.

फोन न ठेवताच मी खिशात टाकला. त्या आठ किलोमीटरांतले शेवटचे तीन म्हणजे गाडीवाट. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. एका चाकोरीतून दुसरीत उडी मारताना फटफटी आडवी झाली, दिव्याची काच गेली, दिवा मात्र लागत राहिला. गुडघा ओला लागला तो रक्तानं की पेट्रोलनं, बघायला थांबलो नाही. डोक्यात एकच चाललं होतं: काका रोज मशीन लवकर का लावत होते? आता लख्ख कळत होतं. तपासणी जवळ येत होती, कळप रोज जरा पुढं सरकत होता, आणि काका घाबरून रोज जरा लवकर खटका दाबत होते. माझा तारा म्हणजे त्यांची धास्ती होती.

पोचलो तेव्हा सहा पन्नास झाले असतील. दिव्याच्या झोतात आधी डोळे दिसले, मग पाठी. घोड्याएवढाली जनावरं, मोजली नाहीत, दहाच्या वर होती. घाट्यांसकट झाडं उपटून निवांत चघळत उभी. मी ओरडलो. त्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

मग मी तो निर्णय घेतला ज्याबद्दल मला आजही घाम फुटतो. धावत खोपटीत गेलो आणि मशीन चालू केली.

कळप आत होता.

पहिला रोही बिचकून तारेला लागला, किंचाळल्यासारखा आवाज करत मागं फिरला, आणि त्याच्यामागं सगळा कळप उधळला. बाहेर जाता येईना म्हणून हरभऱ्यातच गोल गोल. जे खाल्लं नव्हतं ते आता तुडवलं जाऊ लागलं. मी मध्ये हात पसरून उभा, हाकलतोय की अडवतोय हे मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात बांधावर बॅटरीचा उजेड आला आणि काकांची आरोळी.

“बंद करा थे! आधी बंद करा! अंदर हायेत नं!”

मी खोपटीकडे पळालो, बंद केली. काका आणि काकूंनी डबे बडवत कळप पूर्वेच्या कोपऱ्यात रेटला. तिथली तार तोडून, दोन खुंट घेऊन तो अंधारात गेला. मग एकदम सामसूम झाली. काकू बॅटरी घेऊन ओळीओळीनं फिरू लागल्या. पूर्वेचा पट्टा गेला होता. बाकी पीक उभं होतं, पण मधूनमधून खुरांची भोकं.

“उद्या त्या माणसाले काय दाखवाचं?” काकू म्हणाल्या. “खुरं?”

काका खोपटीत डब्यापुढं उभे होते. “लाल लाइट लागून होता. म्या लांबूनच पाह्यला. मशीन चालू, आन् रोही अंदर! म्हंजे अंदर येतानी झटकाच नाई मारला तिनं. थो अकोल्याचा दुकानदार मले म्हणे, हत्ती बी थांबते. उद्या तपासणी झाली का पहिल्या एस्टीनं जातो अन् त्याच्या डोक्यावर आपटतो हे.”

मी गप्प बसलो. हे लिहिताना मला सांगता आलं असतं की मी क्षणभरच गप्प होतो. तो क्षण तासभर चालला. त्या तासात काकूंनी चुलीवर चहा केला, मला आधी दिला, गुडघ्याला हळद लावली, आणि म्हणाल्या, “साहेबच होते म्हून, नाई तं सारंच गेलं असतं.” 

मी खरं बोललो ते चांगुलपणानं, असं समजू नका. मी वकिलांच्या घरातला. मला पुरावा कळतो. तंबूतलं यंत्र सेकंद न् सेकंद टिपत होतं. मशीन कधी बंद झाली, कधी चालू झाली, सगळं. दुसऱ्या दिवशी ते संस्थेत पोचणार होतं. शिवाय अकोल्यात एक दुकानदार निष्कारण मार खाणार होता.

“काका, मशीन अकोल्याला नेऊ नका.”

“कावून?”

“मशीन चांगली आहे.”

“तुमाले काय माहीत?”

मी संगणक आणून त्यांच्यापुढं उघडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या रेघा, एकसारख्या अंतरावर. काका वाकून बघत राहिले. “पेऱ्यावानी दिसते,” म्हणाले. मग त्यांचं बोट रेघांवरून सरकत सरकत कोऱ्या जागेवर आलं आणि थांबलं. “इथी पेरा सुटला.”

“हो.”

“कावून सुटला?”

“तिथं मशीन बंद होती. मी बंद केली.”

“कायले?” हे काकू.

“तारा आहे की काय, ते बघायला.”

“हरबऱ्यात?”

 मी पूर्ण सांगितलं, चढ, फोन, सगळं. चूल विझत आली होती.  काकांनी शिवी दिली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. पण ते म्हणाले, “म्या सांगून गेल्तो नं तुमाले. लक्ष असू द्या म्हणून.”

बस, एवढंच.

तुटलेली तार अंधारात जोडता येणार नव्हती. पहाटेपर्यंत पूर्वेचा कोपरा उघडा. मी म्हणालो, तिथं मी बसतो. काकूंनी तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी हातात दिली. थंडी मी म्हणत होती. मी बडवू लागलो. थोड्या वेळानं काका घोंगडी घेऊन आले, जरा ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, एवढं तालात नोका वाजवू. रोह्याले सवय होते.”

मी दचकलो. मी सेकंदाहून जरा जास्त, सेकंदाहून जरा जास्त असाच वाजवत होतो. मग मुद्दाम वेडंवाकडं बडवायला लागलो. काका माझ्या शेजारी बसून राहिले, उजाडेपर्यंत.

दहाचे अधिकारी अकराला आले. काकांनी त्यांना चहासुद्धा विचारायच्या आधी पूर्वेच्या पट्ट्याकडे नेलं. “हे पाहा जी. हे काल गेलं. लपवत नाई.” अधिकारी पट्ट्यात उकिडवे बसले, मग उरलेल्या वावरात ओळीओळीनं निघाले. मधेच एखादं झाड उपटत, घाटा फोडत, दाणा तळहातावर घेत. काकू खोपटीच्या दारात पदर तोंडाशी धरून. मी तंबूच्या मागं. मोजमापं माझ्या धंद्याचा भाग, पण त्या माणसाचं प्रत्येक थांबणं मी जितकं मोजलं तितकं आजवर काहीच मोजलं नसेल.

“तुडवलेला पट्टा वेगळा काढा, बियाण्यात मिसळू देऊ नका,” ते परत येऊन म्हणाले. “बाकीचं पास.” आणि कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. काकूंनी पदर खाली केला आणि एकदम मोठ्यानं, कुणालाही उद्देशून नाही असं, म्हणाल्या, “आता चहा ठेवतो.”

आमची जागा मात्र नापास झाली. त्या दुपारी शेजारच्या शिवारांतून फिरलो तर जिकडेतिकडे पिवळे खुंट. अहवालात मॅडमनी लिहायला लावलं की यापुढे फॉर्मवर झटका मशीनचीही चौकट असावी. ‘वऱ्हाडात काहीच नाही’ हे माझं विधान बैठकीच्या नोंदीतून काढता आलं नाही. अमरावतीला पेढ्यांचं काय झालं हे वडिलांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी सामान बांधताना काका तंबूत आले. “हे तुमच्या पडद्यावरचं, थे किती दिवस राहीन?”

“कायमचं. संस्थेत जपून ठेवतात.”

“म्हंजे मी मेल्यावर बी?”

“हो.”

“मंग त्यात लिहा. मशीन बराबर होती.”

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: कुंपणाचं यंत्र व्यवस्थित चालू होतं.

“आन् बंद कोणं केली, थे बी लिहा.”

मी लिहिलं: तांत्रिक अधिकाऱ्यानं, मालकाला न विचारता. मोठ्यानं वाचून दाखवलं. 

“तांत्रिक अधिकारी म्हंजे तुमीच नं?”

“मीच.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि जोडलेल्या तारेवरून एकदा नजर फिरवून खोपटीकडे मशीन लावायला गेले. पडदा अजून चालू होता. ठोके सुरू झाले तेव्हा मी सवयीनं घड्याळ पाहिलं. पाच बेचाळीस.